जुलैत बेटावर गोल्फ: चार गडी, तीन बायका, आठ दिवस. कुठं जावं?

भट्टीवाला, शिरोली

रामराम मंडळी.

शिरोली एमआयडीसीत माझी फाउंड्री आहे, छोटीच. वय ५७. चार वर्षांमागं पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर नेलं, हातात सात नंबरचं आयर्न (लोखंडी मुंडीची काठी) दिलं, आणि माझा पहिलाच चेंडू चुकून सरळ गेला. त्या एका चेंडूनं घात केला. तेव्हापासून महिन्यातनं दोनदा पुण्याला कामाच्या निमित्तानं जातो, आणि कारखान्यामागं जाळी बांधून रोज शिफ्ट सुटल्यावर पन्नासेक चेंडू बडवतो. गडी बघत उभे राहतात. आमचा जुना मोल्डर एकदा म्हणाला, "मालक, जन्मभर वाळू चाळलीसा आणि वाळूतनं एक चेंडू निघंना व्हय?" खोटं नाही. बंकरमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यात, गेलो की चार फटके गेलेच समजा. हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) २८, तोही देणाऱ्यानं उदार मनानं दिलेला.

आता मुद्दा. आम्ही चौघं खेळणारे: मी, एक दाताचा डॉक्टर, एक बिल्डर आणि मार्केट यार्डातला एक गुळाचा व्यापारी. तिघांच्या बायका येणार. चौथा एकटाच आहे, त्यामुळं तो सगळ्यात खुशीत आहे. जुलैत निघायचं ठरतंय, कारण तेव्हा गुळाचा हंगाम नसतो, बिल्डरची कामं पावसानं थांबलेली असतात, आणि श्रावण लागायच्या आत परत यायचं. कारण तुम्हाला माहीत आहे. तांबड्या-पांढऱ्याशिवाय सहल, ती कसली सहल.

डॉक्टर म्हणतो फुकेत. बिल्डर म्हणतो बाली. मला कुणीतरी मॉरिशस सांगितलं. आठ दिवसांत सहा राउंड (एक राउंड म्हणजे अठरा होलांचा पूर्ण खेळ) व्हायला पाहिजेत असा ठराव झालाय. पॅकेजवाल्याकडं गेलो तर तो गोल्फ म्हटल्यावर मिनी गोल्फचे फोटो दाखवायला लागला. कुणी खरंच जाऊन आलं असेल तर सांगा.

नाद_खुळा

पंचगंगा पात्राबाहेर, राजाराम बंधारा पाण्याखाली, आणि आमचे मालक बेटावर चेंडू पाण्यात घालवायला चाललेत. पाणी इथं कमी आहे काय भावा?

रंकाळाकाठ

भट्टीवाले, आधी ती सहा राउंडची गोष्ट डोक्यातनं काढा, मग पुढं बोलू.

मी साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होतो, आता रिटायर. मॉरिशसला पहिल्यांदा गेलो ते कामासाठी, मिल बघायला. नंतर दोनदा फक्त खेळायला. तेव्हा माझं मत एकाच बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगून टाकतो.

बेट निवडताना जाहिरातीतला फोटो बघू नका, महिना बघा. फुकेतला पाऊस आपल्याच वेळेला असतो, साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत. कोर्स उत्तम आहेत, वाद नाही. तिथल्या ब्लू कॅन्यनवर १९९८ साली टायगर वुड्सनं शेवटच्या दिवशी आठ फटक्यांची पिछाडी भरून काढून एर्नी एल्सला प्लेऑफमध्ये हरवलं होतं. पण जुलैत कोल्हापूरचा पाऊस सोडून फुकेतचा पाऊस बघायला जायचं म्हणजे शेजारच्या गल्लीत जाऊन तोच तमाशा बघणं झालं. वाळूची एवढी धास्ती असेल तर मलेशियात लंगकावीला एर्नी एल्सनंच केलेला तेलुक दाताईचा कोर्स आहे, अठरा होलमध्ये बंकर एकही नाही. तुमच्यासाठीच केल्यासारखा. पण तिथं जायचं ते डिसेंबर ते मार्चमध्ये, कोरड्या दिवसांत. बाली जुलैत कोरडं असतं हे खरं, पण जगातले सगळेच तेव्हा तिथं असतात. बिल्डरसाहेबांना गर्दी आवडत असेल तर आवडो.

मॉरिशस विषुववृत्ताच्या पलीकडं, म्हणून जुलैत तिथं हिवाळा. हिवाळा म्हणजे आपल्या डिसेंबरसारखा: दुपारी चोवीस-पंचवीस अंश, रात्री एक स्वेटर. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळं तीही काळजी नाही. व्हिसा आपल्याला तिथं उतरल्यावर फुकट मिळतो. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवायला लागतं, त्याचा कागद छापूनच घ्या, फोनची बॅटरी नेमकी तिथंच संपते. मुंबईहून थेट विमान आहे, साडेसहा तासांच्या आसपास. घड्याळ दीड तास मागं, म्हणजे पहाटे आपोआप जाग येते, गोल्फवाल्याला याहून चांगलं काय पाहिजे? बेट केवढं, तर आपल्या जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं. कुठंही राहिलात तरी दीड-दोन तासांच्या आत दुसरं टोक येतं.

आता जे कुणी सांगत नाही ते. वारा. जुलैत आग्नेयेकडनं व्यापारी वारे सुटतात आणि थांबत नाहीत. पूर्व किनाऱ्याला इल ओ सर्फ नावाचं छोटं बेट आहे, त्यावर जर्मन खेळाडू बर्नहार्ड लांगरनं केलेला कोर्स. होडीतनं जायचं. बॅगा होडीत, आपण होडीत, आणि पाण्याचा रंग असला की आपला रंकाळा आठवून वाईट वाटतं. पहिल्या दिवशी मी तिथंच गेलो. १४० यार्डांची पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं होल, मध्ये पाणी. माझं १४० ला आठ नंबरचं आयर्न (नंबर जितका लहान तितका चेंडू लांब). छान लागला. चेंडू वर चढला, वाऱ्यात क्षणभर उभाच राहिला, देवघरातल्या निरांजनाच्या ज्योतीसारखा हलला, आणि सरळ खाली पाण्यात. दुसरा सातनं. पाण्यात. तिसरा पाचनं मारला तेव्हा कुठं काठावर पोचला. बरोबरचा फ्रेंच माणूस हसला नाही, त्यानं नुसता खिशातनं एक जुना चेंडू काढून माझ्या हातात ठेवला. जास्त लागलं ते.

म्हणून: पहिला राउंड पश्चिमेला टाका. तामारिनाचा कोर्स डोंगराच्या आडोशाला आहे, वारा निम्मा. तिथं हात बसवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दक्षिणेला बेल ऑम्ब्रला हेरिटेजचे कोर्स बघा, जुना आणि नवा. नवा ला रिझर्व्ह हा लुई ऊस्थेझन या खेळाडूनं पीटर मॅटकोविचबरोबर केलेला, आणि २०२३ च्या डिसेंबरात मॉरिशस ओपन स्पर्धा त्याच कोर्सवर झाली तेव्हा ऊस्थेझननंच ती जिंकली. स्वतः बांधलेल्या घरात स्वतःच पाहुणा! तिथं वारा असतो, तेव्हा अठ्ठावीस हँडिकॅपवाल्यांनी जुन्यावर खेळावं आणि नव्यावर चहा प्यावा. इल ओ सर्फ शेवटी ठेवा, आणि जुने चेंडू घेऊन जा. नवे कोरे पाण्यात गेले की माणूस बायकोशी नीट बोलत नाही.

दिवस लहान असतो. पावणेसहाच्या सुमाराला सूर्य जातो. चौघांचा राउंड साडेचार-पाच तासांचा, म्हणजे टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) साडेअकराच्या पुढचा घेऊ नका. आणि स्टेबलफर्ड खेळा, म्हणजे प्रत्येक होलचे गुण मोजा, एकूण फटके मोजू नका. होल हातचा गेला की चेंडू उचलायचा आणि पुढं चालायचं. नाहीतर मागचा ग्रुप येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहतो. आपल्याकडं बॅग उचलणारा कॅडी सांगतो काका सात घ्या, काका डावीकडं मारा. तिथल्या रिसॉर्ट कोर्सवर बहुतेक ठिकाणी कॅडी नसतो, कोर्सवर फिरायची छोटी गाडी असते. अंतर तुमचं तुम्ही बघायचं.

पैशाचं एकच सांगतो. बऱ्याच हॉटेलांत राहणाऱ्या पाहुण्यांना ग्रीन फी (कोर्सवर खेळायची फी) माफ किंवा सवलतीत असते. पण "ग्रीन फी फ्री" म्हणजे गाडीचे पैसे धरून की सोडून, रोज एक राउंड की मुक्कामात दोन, हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका. आम्ही गेलो आणि गाडीच्या भाड्यानंच आमचा निम्मा आनंद खाल्ला.

भट्टीवाला, शिरोली

साहेब, तुमचे पाय कुठं आहेत? फोटो टाका, नमस्कार करतो.

बंकर नसलेल्या कोर्सचं घरी बोललो तर मंडळी म्हणाल्या, "मग भट्टीतली वाळू काय वाईट आहे, तिथंच सराव करा." केला पण. मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते हो, फटका मारला की सगळं काळं तोंडावर. गड्यांनी शिमगा साजरा केला.

दोन शंका. एक, बॅग. कोल्हापूरहून मुंबईपर्यंतच्या छोट्या विमानात गोल्फ बॅग घेतील का? दोन, बायका. सहा राउंड नको म्हणताय तर किती?

वारणाकाठची

दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देते, कारण मी ती बायको आहे.

आमचे हे अठरा वर्षं खेळतात. मी खेळत नाही, मला चालायला आवडतं, पण चेंडूमागं नव्हे. आम्ही मॉरिशसला सात दिवस होतो, त्यात ह्यांचे पाच राउंड. मी आणि माझी जाऊ हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी बसून एकमेकींच्या सुनांबद्दल बोललो. चौथ्या दिवशी सुना संपल्या. त्या संध्याकाळी हे जेवायला येऊन, "अगं, आज सतराव्या होलवर..." असं म्हणाले, आणि मी ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. खरंच गेले.

दिवसाआड खेळा. आठ दिवसांत जास्तीत जास्त तीन, फार तर चार. आणि खेळाच्या दिवशी बायकांसाठी गाडी आणि ड्रायव्हर आधीच ठरवून ठेवा, "तुम्ही बघा काहीतरी" असं म्हणू नका. आम्हाला परक्या गावात काहीतरी बघायचं नसतं, नेमकं काय ते बघायचं असतं. तर नेमकं सांगते. पोर्ट लुईत आप्रवासी घाट बघा. आपल्याकडनं गिरमिटिया म्हणून नेलेले लोक जिथं उतरले त्या जागेच्या सोळा पायऱ्या अजून आहेत, आता जागतिक वारशात आहे. मी त्या पायऱ्यांवर उभी होते आणि बराच वेळ काही बोलले नाही. आमच्या ड्रायव्हरनं विचारलं, तुम्ही मराठी का? त्याची आजी मराठी होती. त्याला चार शब्द येत होते, त्यातला एक "आई". तिथं मराठी समाज आहे, शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. हे मला जायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी तिथं गेले असते, पाचव्या नाही.

गंगा तलावला जा, डोंगरात आहे, गार असतं, शाल घ्या. बाजारात डालपुरी खा. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून घेतला आणि आत हळद-जिरं घातलेली डाळ ठेवली असं समजा, वर रस्सा आणि चटणी. तुमच्या गुळाच्या व्यापाऱ्याला नक्की द्या, तो काय म्हणतो ते मला कळवा.

आणि एकटा येणारा जो चौथा आहे, त्याला म्हणावं जेवताना स्कोअर सांगायचा नाही.

कोलंबोकर

मी मूळचा गडहिंग्लजचा, कामानिमित्त सहा वर्षं कोलंबोत. एवढं लांब जायचंच नसेल तर श्रीलंका बघा. रॉयल कोलंबो क्लब १८७९ चा, आणि कोर्सच्या मधनं आगगाडी जाते. खरी, प्रवासी भरलेली. गाडी आली की थांबायचं. माझा एक ड्राइव्ह रुळांच्या दिशेनं गेला होता, तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा देव आठवला. वर नुवारा एलियाला १८८९ चा क्लब आहे, सहा हजार फुटांवर, चहाच्या मळ्यांच्या गावात. कँडीजवळ व्हिक्टोरिया धरणाच्या काठाला डोनल्ड स्टीलनं केलेला कोर्स तर माझ्या मते या सगळ्यांत देखणा. कॅडी मिळतो, तोही बोलका. खर्च मॉरिशसच्या मानानं बराच कमी.

पण जुलैत कोलंबोच्या बाजूला नैर्ऋत्य मान्सून असतो. तुम्हाला फेब्रुवारीत जमलं तर माझ्याकडं या. जेवण घरी.

रंकाळाकाठ

वहिनींनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. आमच्या हिनं वाचलं आणि फोन माझ्यासमोर आपटून ठेवला.

भट्टीवाले, बॅगेचं ऐका, कारण यात मी पोळलोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसत्या पातळ कापडी कव्हरात बॅग घातली. एका विमान कंपनीच्या लोकांनी ती कुठल्या तरी बेल्टवर डोक्याच्या बाजूनं उभी आपटली असणार. तिथं उघडली तर ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब काठीची, दांडी मुंडीपाशी मोडलेली, उसाच्या कांडीसारखी, तिरकी. तक्रारीचा फॉर्म भरला, तीन महिने ईमेल केले, उत्तर आलं की पॅकिंग अपुरं होतं. अपुरं होतंच म्हणा. पण मोडली त्यांनी ना.

आता काय करतो ते सांगतो. जुन्या झाडूची लाकडी दांडी घ्यायची, ड्रायव्हरपेक्षा दोन बोटं उंच अशी कापायची, आणि बॅगेत मधोमध उभी ठेवायची. वरनं दणका बसला तर तो दांडीला बसतो, काठ्यांना नाही. तुमच्या ड्रायव्हरची मुंडी पान्यानं निघत असेल तर काढून मोज्यात गुंडाळून कपड्यांच्या बॅगेत घाला. काठ्यांच्या मुंड्यांभोवती दोन टॉवेल घट्ट. बूट कव्हरच्या खालच्या बाजूला. चौदाच्या चौदा काठ्या न्यायची गरज नाही, तुम्ही त्यातल्या सहाच नीट मारता, मला माहीत आहे, मीही तेवढ्याच मारतो. नऊ पुरेत. पण चार आणि पाच नंबर ठेवा, वाऱ्यासाठी. काठ्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. अंतर मोजायच्या दुर्बिणीत लिथियमची बॅटरी असेल तर ती मात्र हातातल्या बॅगेत.

आणि कोल्हापूरहून विमानानं जाऊ नका. बॅग लांबीला चार फुटांवर जाते, छोट्या विमानात जागेवर अवलंबून. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडं ढग खाली उतरले की विमान कधी उतरेल, कधी नाही. मुंबईचं पुढचं विमान चुकलं तर सगळं गेलं. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरा, बॅग सीटखाली आडवी बसते, मी नेली आहे. सकाळी मुंबई. एक दिवस हातात ठेवून जा. जुलैत रूळही पाण्याखाली जातात म्हणून.

राहता राहिलं ते एक, माझ्या आवडीचं. बेटावर सगळीकडं ऊस आहे, आणि जुलैत तोड चालू असते. आपला हंगाम संपलेला असतो, त्यांचा भरात. शेतात मध्येच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील, देवळाच्या चौथऱ्यासारखे रचलेले. जमीन ज्वालामुखीची, आपल्यासारखाच काळा पाषाण, नांगराला अडायचा म्हणून मजुरांनी हातानं वेचून रचलाय. ऊस आणि हरीण, दोन्ही डचांनी १६३९ साली जावाहून आणलं. त्या होडीनं जायच्या बेटाच्या नावाचा अर्थच हरणांचं बेट. हरणाचा रस्सा मिळतो तिथं, डॉक्टरांना सांगा, आषाढ वाया जाणार नाही.

नाद_खुळा

काका, मी माझं पहिलं वाक्य मागं घेतो. मला पण न्या. मी काठ्या उचलतो.

भट्टीवाला, शिरोली

ठरलं एकदाचं. मॉरिशस, आठ दिवस, चार राउंड. डॉक्टरचा पाचवा राउंडसाठी हट्ट होता, पण वारणाकाठच्या ताईंचं ते ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेलेलं मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. बायकाही त्या ग्रुपवर आहेत हे माझ्या लक्षात नव्हतं. पाच मिनिटांत पाचवा राउंड रद्द झाला, आणि चौथ्यावरही चर्चा चालू आहे.

पहिले चार दिवस पश्चिमेला, तामारिना. मग दक्षिणेला. इल ओ सर्फ सातव्या दिवशी, सकाळचा टी टाइम, बायका पण होडीनं येणार, त्या बेटावर फिरणार, आम्ही चेंडू बुडवणार. पहिल्या रिकाम्या दिवशी आप्रवासी घाट, सगळे मिळून. हॉटेलला ग्रीन फीचं आणि गाडीचं ईमेल गेलंय. उत्तर आलं: ग्रीन फी माफ, गाडीचे पैसे वेगळे. साहेब, तुमच्यामुळं आधी कळलं.

महालक्ष्मीची सात तिकिटं काढली. कोलंबोकर, फेब्रुवारीचं डोक्यात ठेवलंय, जेवणाचं तर पक्कं.

झाडूची दांडी आमच्या पॅटर्न शॉपमध्ये कापून घेतली. गड्यांनी त्याला वर रबराची टोपी पण बसवली आणि खाली माझं नाव कोरलं. काल संध्याकाळी बॅग भरून गुळाच्या मित्राच्या दुकानात नेली, त्याच्या काट्यावर ठेवली. अठरा किलो सातशे. हमाल जवळ आला, बॅगेला हात लावून बघितला आणि विचारलं, "शेठ, ह्यो कसला रवा? लई लांब हाय की." (आमच्याकडं गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात.) तिकिटावर पंधराच लिहिलंय. आज बसून काठ्या काढतोय. सहा नंबरचं आयर्न ठेवू की नको?

रंकाळाकाठ

काढा. सहानं तुम्ही आणि मी कधी मारलंय? बूट हलके घ्या, चेंडू वीसच्या वर नकोत.

नाद_खुळा

वीस? इल ओ सर्फला?

रंकाळाकाठ

बरं, तीस.